घरात न घेतलेलं नाव

ताईबाईच्या तोंडापुढे भडगावचा बाजारसुद्धा गप्प बसायचा. भाव पाडणारा केळीचा व्यापारी असो नाहीतर मीटर बघायला आलेला वायरमन, तिने कोणाची गय केली नाही. पण एक नाव तिच्या जिभेवर चढत नव्हतं, ते नवऱ्याचं. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. बाईने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं सासूने सांगितलं होतं, आणि सासूचं सांगणं म्हणजे दगडावरची रेघ. सासऱ्याचं नाव लोटन, म्हणून या घरात लोट्याला लोटा म्हणायचीही सोय नव्हती. 'पाण्याचं ते' म्हणायचं.

त्या दिवसांत गिरणाकाठच्या बागांमधून आणखी एकाचं नाव कोणी घेत नव्हतं. शेजारच्या मळ्यातल्या पितांबरआबाची कालवड गोठ्यातून ओढून नेली होती. चिखलात पंजे उमटले होते, बशीएवढे. बिबट्या म्हणायचं नाही, म्हटलं की येतो. नुसतं 'तो' म्हणायचं.

नात भूमिका पुण्याला भाषा शिकत होती, ती सुटीला मळ्यातल्या घरी आलेली. जेवताना तिने आजीपुढे फोन धरला. "अक्का, ऐक. ही झुलू. आफ्रिकेतली." फोनमधली बाई बोलता बोलता जिभेने टक्क करायची, बैल हाकल्यासारखं. "आणि हा मंगोली. पार चीनच्या वरचा." तो बुवा घशातूनच घोगरं बोलत होता.

"याना घसा बसेल शे का? काढा दे त्याले."

"अगं, तसंच बोलतात ते. मला या दोघींची तुलना करायची आहे. झुलूत शब्दाला जोड लागतात ते बहुतेक पुढून, मंगोलीत मागून. एकीचं दुसरीशी काही नातं नाही."

"मंग एक बैल पुढे जुंप, एक मांगे. गाडी कोठे जाई?"

नातसून रत्ना पदरात हसली. ती शिंदखेड्याची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"पण एका ठिकाणी गाठ पडते दोघींची," भूमिका म्हणाली. "दोन्हीकडे जुनी रीत आहे, सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्या नावासारखा वाजणारा शब्दसुद्धा नाही. दुसरा शोधायचा."

ताईबाईची मान ताठ झाली. "आयकं का रत्ना? बठ्ठी दुनिया पाळस. आन् तू नवराले 'हितू, हितू' करस, जसं बोकड बलाई राहिनी!"

रत्नाने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आणि घराला आग लागली तर त्या बाईने हाक कशी मारायची, अक्का?"

"आग लागनी तं आग म्हनानं. नाव कसाले?"

आबा, म्हणजे ताईबाईचा नवरा, कानाने जरा कमी. ते भलत्याच ठिकाणी हसले आणि 'पाण्याचं ते' उचलून घटाघटा प्यायले. त्यांचं नाव अभिमन. पण त्या नावाने हाक मारणारी त्यांची माय गेली, मोठा भाऊ गेला. आता ते पोरांचे, नातवंडांचे, साऱ्या गावाचे आबा होते. बायकोचे 'आहो'. नाव उरलं होतं ते फक्त आधारकार्डावर.

दुपार कलल्यावर बागेत घड कापायचं काम निघालं. पितांबरआबा आणि प्रेमराजआबा मदतीला आले होते. ताईबाई चहाची किटली घेऊन बांधावर आली, मागे भूमिका. तिघे म्हातारे पाठमोरे, तिघांच्या डोक्याला पांढरे रुमाल. वारा पडलेला. आणि तरी तिच्या माणसामागची वाळली पानं हलली. पानांखाली पिवळं काहीतरी जमिनीला चिकटून सरकलं, मग थांबलं.

"आहो!" ताईबाई ओरडली.

पितांबर वळला. प्रेमराजही वळला. साठीतल्या कोणत्या पुरुषाला बाईने 'आहो' म्हटलेलं लागू होत नाही? तिच्या माणसाने मात्र कोयता खाली ठेवला नाही. असेल कोणाची तरी बायको.

"आबा!" भूमिका किंचाळली. "आबा, मागे बघा!"

ते दोघे मागे बघत बघत बांधाकडे धावत आले. "काय व्हयनं वहिनी? कोठे लागनं?" हाक ज्याच्यासाठी होती, तो केळीत एकटा राहिला. पिवळं अंग मागच्या पायांवर दबलं.

ताईबाईच्या तोंडात नाव आलं आणि दातांशी अडलं. घेतलं तर तुटेल. नाही घेतलं तर आत्ताच तुटेल. पोटातून कळ निघावी तसं ते निघालं.

"अभिमनऽऽ!"

म्हाताऱ्याचा कोयता गळून पडला. "ओ, माय!" म्हणत तो वळला आणि खेळ अर्धा टाकून निघालेल्या पोरासारखा धावत सुटला. मागे पानं करकरली. पिवळं काही उरलं नाही.

बांधावर आबा धापा टाकत बायकोकडे बघत राहिले. "तू व्हतीस? माले वाटनं, माय बलाई राहिनी."

ताईबाईच्या हातातली किटली थंड लागली. गेलेल्याने हाक मारली तर ओ द्यायची नसते. जो देतो त्याला ते घेऊन जातात. नाव तिने घेतलं होतं, ओ त्याने दिली होती, आणि दोन्ही माघारी घेता येत नव्हतं.

घरी आल्यावर तिने त्याच्यावरून मीठमोहरी उतरवून चुलीत टाकली. मोहरी तडतडली नाही, म्हणजे बाधा उतरली नव्हती.

दिवेलागणीला ताईबाई देवापुढे वाकली तेवढ्यात लाइट आली. मोटर चालू करायची वेळ. ती ओट्यावर आली तर आबांच्या चपला जागेवर नव्हत्या. बागेच्या आत टॉर्चचा ठिपका हलत होता, एकटाच.

"अभिमन!"

"ओ, माय!" आतून आलं. ठिपका जिथल्या तिथे थांबला. त्याच्या डावीकडे, उजेडाच्या बाहेर, पानं वाजली.

"माय नही रे! मी शे! ताई! अभिमन, माघारा फिर!"

शेजारच्या मळ्यातल्या बाया ओट्यावर आल्या. पदर खांद्यावर पडलेला, म्हातारी नवऱ्याचं नाव घेऊन आरडत होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही. मोडलं ते मोडलं. आता त्याला मायचा आवाज ऐकू येऊ द्यायचा नव्हता, फक्त तिचा.

"अभिमन! ताई बलाई राहिनी! अभिमन!"

ठिपका वळला. हळूहळू घराकडे यायला लागला. त्याच्याबरोबर, तितक्याच पावलांनी, वाळली पानंही वाजत आली. तो थांबला की थांबत होती. रत्ना तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि दोघी एका आवाजात तेच नाव घेत राहिल्या, त्याचा पाय उंबऱ्याला लागेपर्यंत.

पानं कुंपणापाशी थांबली. परत गेल्याचा आवाज मात्र आला नाही.