वाटीतला हिरवा बर्फ

वाटीतलं हिरवं पाणी हललं नाही. कासिमालीनं वाटी पुन्हा तिरकी केली, अगदी डोळ्यांजवळ नेऊन, कारण हल्ली डाव्या डोळ्याला सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसायचं. तरी पाणी हललं नाही. मधोमध पातळ लापशी झाली होती आणि टवका उडालेल्या काठापासून बर्फाच्या सुया आत निघाल्या होत्या. काल संध्याकाळी सुनेच्या गाडीतून रबरी नळीनं रेडिएटरमधलं अर्धी वाटी कूलंट काढून त्यानं खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. चांगलं कूलंट नारिनच्या डिसेंबरात रात्रभर राहिलं तरी पातळच राहतं. हे गोठलं, म्हणजे यात निम्मं पाणी.

सांगितलं होतं. मी सांगितलं होतं ना?

सांगितलं होतं, ऑक्टोबरातच. बाजारामागच्या त्या गॅरेजवाल्यानं भरलं तेव्हा कासिमालीनं बोटावर थेंब घेऊन चोळला होता. थेंबाला चिकटपणा नव्हता. आणि सून, बुरुल, म्हणाली होती, "बाबा, तुमच्या बसचे दिवस गेले. आता हे डब्यात तयार मिळतं." वाईट बोलली नव्हती, हसतच बोलली होती. हसणंच तर... जुना दोस्त ओस्मोन, त्याच्या घरच्या जेवणावळीत मेंढ्याचं डोकं कासिमालीपुढे मानानं ठेवलेलं असताना, ओस्मोन सगळ्यांदेखत ओरडला होता, "काय रे कासिमाली, तीस वर्षं डोलोनचा घाट खिशात घालून हिंडलास, आणि आता सून पुढे अन् तू मागच्या सीटवर, बोकडाशेजारी!" सगळी पंगत हसली. बुरुल चहा ओतत होती. तिनं तोंडावर हात धरला, पण खांदे हलले. ते हलणारे खांदे त्याला डाव्या डोळ्यानंसुद्धा स्वच्छ दिसले होते.

अंगणात डिकी आपटल्याचा आवाज आला. त्यानं वाटी आत घेतली आणि चुलीशेजारी, किटलीच्या मागे सरकवली. का मागे? पुढे ठेवली असती तरी चाललं असतं... पण हातानं मागेच ठेवली.

बाहेर सगळं जिथल्या तिथे होतं. बुरुलनं रात्री घरात आणलेली बॅटरी परत जोडली होती. चारही चाकांना बर्फाचे टायर होते. दोनच बदलून पैसे वाचवणाऱ्यांतली ती नव्हती. डिकीत फावडं, दोर, वाळूची पिशवी, जाड घोंगडी, आणि तिनं वर्षभर शिवलेल्या लोकरीच्या नमद्याच्या चपलांची चार पोती. बिश्केकच्या दुकानदारानं नाताळाआधी माल मागितला होता. तिचा नवरा एमिल मॉस्कोत बांधकामावर. त्याचे पैसे उन्हाळ्यापासून आले नव्हते. गाडी, पोती, ही सगळी हिंमत तिची होती. आणि शिकवण त्याची. दिवे पुसणं, पुढच्या गाडीपासून तिप्पट अंतर, बर्फावर ब्रेकला पायही न लावणं, उतरणीला खालचा गियर — एकेक गोष्ट त्यानं तिला मागच्या हिवाळ्यात, नदीकाठच्या गोठलेल्या मैदानावर, न रागावता दहा-दहा वेळा शिकवली होती. इतकी चांगली शिकली की आता विचारायचीच नाही.

थांबेल फक्त. काही होणार नाही, गाडी थांबेल. ओत्तुक गावच्या उतरणीला वाऱ्यानं रेडिएटर गोठेल, पुढे डोलोनच्या चढाला इंजिन उकळेल, झाकणातून वाफ येईल, ती उतरून बघेल, आणि मग फोन करेल. "बाबा, काय करू?" तो एवढंच वाक्य ऐकणार होता... पण वरच्या वळणांवर फोन लागत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एकदा तिथल्याच एका वळणावर त्यानं एक ट्रक उघडला होता, आतला माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेला... ते जानेवारीत. हा डिसेंबर आहे.

"मी पण जाणार!" नात बेगायिम बूट उलटे घालून दारात आली होती. सात वर्षांची, पण गाडीचं नाव काढलं की आजोबाच्या वरताण.

"चल की," बुरुल म्हणाली. "शहरात आइस्क्रीम खाशील, अशी मेंढीसारखी डोळे वटारून बघू नकोस."

"तिला राहू दे," कासिमाली म्हणाला.

फार लवकर म्हणाला. बुरुलनं वळून बघितलं.

"का, बाबा?"

"रात्री खोकत होती."

बुरुलनं मुलीच्या कपाळाला हात लावला. मग तो हात तसाच ठेवून तिनं सासऱ्याकडे बघितलं, नेहमीसारखं नजर खाली ठेवून नाही, सरळ. "बाबा, गाडीत काही बिघाड आहे का?"

विचारलं. अखेर विचारलं तिनं. घशाशी आलेला शब्द बाहेर पडणारच होता, आणि त्याच्या आधी दुसराच पडला. "मला म्हाताऱ्याला काय विचारतेस? तुझ्या गॅरेजवाल्याला विचार. डब्यात तयार मिळतं ना त्याच्याकडे?"

तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं. "बरं," ती म्हणाली. पण गाडीत बसली नाही. आशीर्वाद घेतल्याशिवाय घाट चढायचा नसतो. मान झुकवून ती उभी राहिली. कासिमालीनं तळवे उघडे धरले. "वाट पांढरी होवो," त्याचे ओठ म्हणाले, तीस वर्षं बसभर लोकांसाठी म्हणत आले होते तसेच, "सुखरूप जा, सुखरूप ये. ओमीन." आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तळव्यांना कूलंटचा गोडसर वास येत होता.

गाडी कोपऱ्यावरून वळली. वळताना तिनं इंडिकेटर दिला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना.

आत येऊन तो फोन घेऊन बसला. ओत्तुकपर्यंत पस्तीस मिनिटं, तोवर फोन लागतो. म्हणजे अजून वेळ होता. पहिला पूल, पेट्रोलपंप, मग चढण...

"आजोबा, ही आपली परीक्षेची वाटी!" बेगायिमनं किटली सरकवली होती. चुलीच्या उबेनं वाटीतलं सगळं वितळलं होतं. हिरवं, पातळ, निष्पाप. "मी जीभ नाही लावणार. गोड असतं पण विष असतं, हो ना? आईच्या गाडीचं आहे?"

"हो."

"गोठलं होतं का?"

मागच्या वर्षी त्यानंच तिला शिकवलं होतं: गोठलं तर जायचं नाही.

"नाही," तो म्हणाला.

"मग चांगलं आहे." तिनं समाधानानं मान हलवली. मग तिला काय वाटलं कोण जाणे. "मी पण करून बघते. तुम्ही म्हणता ना, दुसऱ्यानं सांगितलेलं खरं धरायचं नाही, स्वतः बघायचं." आणि तो हात पुढे करेपर्यंत तिनं खिडकी उघडून वाटी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली, खिडकी लावली, आणि काचेला नाक लावून बसली.

बाहेर उणे बावीस. कासिमालीचा अंगठा सुनेच्या नावावर होता, दाबत नव्हता. पंप मागे गेला असेल, तिनं गियर खाली घेतला असेल, बरोबर घेतला असेल... त्यानं पुढचं वळण आठवायचा प्रयत्न केला. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते डोळ्यांपुढे आलं नाही. त्याच्या लक्षात आलं की आपण रस्ता मोजतच नाही आहोत. अर्धी वाटी, उणे बावीस, वारा उत्तरेचा... काठाशी पहिली सुई धरायला किती मिनिटं लागतील, एवढंच आपण मोजतो आहोत, कधीपासून कोण जाणे.

"आजोबा," काचेवरची वाफ बाहीनं पुसत, मागे न वळता बेगायिम म्हणाली, "अजून हलतंय."