कुलूपबंद बंदिश

भाऊजींनी घरात मीडिया सर्व्हर बसवला आणि विजेचा शोध आपणच लावल्यासारखे आठवडाभर मिरवत राहिले. सगळी गाणी एका काळ्या डबीत, घरातल्या कुठल्याही खोलीत फोनवर ऐका! ऐका म्हणजे काय, तर दोन ओळी ऐका आणि मग पडद्यावर गरगरणारं चाक बघत बसा.

ताईची उद्या सकाळी संगीत विद्यालयात मुलाखत होती. लग्नानंतर सुटलेलं गाणं पुन्हा धरायची एवढी एकच वाट तिला उरली होती. गुरुजींची बंदिश तिथे गायची होती. गुरुजी गेले, कॅसेट कुजली, राहिली ती डबीतली एकुलती एक फाइल. आणि ती तान सुरू झाली की हमखास अडकायची.

"तिच्या फोनवर कॉपी करून द्या ना, भाऊजी."

"कॉपी केली की दर्जा घसरतो, मेहुणीबाई. तुम्हाला त्यातलं नाही कळायचं."

हे ज्ञान त्यांनी कुठल्या खाणीतून उपसलं, देव जाणे. मग त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन लावून यथेच्छ झापलं. गाणं घरातल्या घरात वाजतंय, कंपनीचा काडीचा संबंध नाही. पण झापायला माणसाला कुणीतरी लागतंच. राउटर बंद केला, चालू केला, परत बंद केला. शेवटी निकाल दिला, "तुझा फोनच जुनाट."

"काल माझा कान जुनाट होता," ताई म्हणाली.

तेवढ्यात तिच्या सासूबाई आल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि आतून चादरी काढायला लागल्या. इकडे फोनमधून तान सुटली. सरळ, अखंड! ताई दचकलीच. कपाटाचं दार लागलं आणि गुरुजी गप्प.

डबी कुठे होती, ओळखा. कपाटात! या घरात जरा किमती वस्तू आली की तिची रवानगी दागिन्यांशेजारी, कुलपात. विजेच्या वायरसाठी भाऊजींनी कपाटाच्या पाठीला भोक पाडलं होतं. वायफायही त्याच भोकातून वाकून बाहेर येईल, असा या विद्वानाचा हिशोब.

"सासूबाई, जरा परत उघडा," ताई म्हणाली.

उघडलं, तान. लावलं, चाक.

"योगायोग," भाऊजी म्हणाले.

"मग दार उघडंच ठेवू," मी म्हटलं.

"आणि दागिन्यांची राखण कोण, तू करणार?" सासूबाईंनी किल्ली मुठीत आवळली.

ताईने ती मूठ धरून किल्ली काढून घेतली, कपाट उघडलं, वायर उपटली आणि डबी आणून जेवणाच्या टेबलावर आदळली.

"अगं, धूळ बसेल तिच्यावर!" भाऊजी ओरडले.

"माझ्यावर बसली, तेव्हा नाही ओरडलात."

डबी सुरू झाली. बंदिश पहिल्यांदाच पूर्ण वाजली आणि ताईचा चेहरा उतरला. जिथे गाणं अडकायचं, तिथे ती आजवर श्वास घेत आली होती. गुरुजी तिथे थांबतच नव्हते. सगळी तान एका दमात.

"चुकीची बसलीय," ती पुटपुटली.

"उद्या कोण एवढं बारीक बघणार आहे? छान गातेस की तू—" भाऊजी सुरू झाले.

ताईने वर न बघता हात दाखवून त्यांना गप्प केलं आणि तान पहिल्यापासून लावली.