आळणी आमटी

"जये, ह्यो ज्या दिशी नावं न ठिवता जेवंल, त्या दिशी डॉक्टर गाठ गं."

सासूचं हे बोलणं जयाबाईंनी नवी नवरी असताना ऐकलं आणि पदराआड हसून घेतलं. सासू जाऊन कैक वर्षं झाली, पण सदलग्याच्या घरात नवऱ्याची, भरमूअण्णांची, ताटावरची कुरकुर काही थांबली नाही. आमटी तिखट, नाहीतर पाणचट. मग जयाबाई "बघू तर" म्हणत शेजारी टेकायच्या, त्यांच्याच ताटातली चव घ्यायच्या आणि तिथंच भांडायला बसायच्या.

पुढं अण्णांचं लिव्हर बिघडलं, पोटात पाणी साठू लागलं. बेळगावच्या डॉक्टर अबोलीबाईंनी मीठ कमी करायला सांगितलं. जयाबाईंनी धसक्यानं ते पार बंदच केलं, नवऱ्याला न सांगता. आळणी आमटी वाढली आणि वादळाची वाट बघत उभ्या राहिल्या.

"झ्याक झाल्या," अण्णा म्हणाले.

रोजच झ्याक! जयाबाईंना सासूचं बोलणं आठवलं. भांडी घासताना ओठांवर ओवी आली:

आळणी गं आमटीला धनी म्हणत्याती ग्वाड,
सांग सये कसं सोडवू माझ्या जिवाचं ह्ये कोडं.

निघायची तयारी झालेला माणूसच असा गोड बोलतो, असं त्यांच्या मनानं घेतलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "अण्णा, तांबं वाढलंय आणि जस्त फार कमी झालंय. लिव्हरच्या आजारात होतं असं."

"जस्त?" जयाबाई म्हणाल्या. "आमच्या बादल्या जस्ताच्याच हायत की!"

"बादली चाटून भागत नाही, आक्का. गोळ्या देते. जस्त कमी झालं की तोंडाची चव जाते. अण्णा, जेवण कसं लागतं?"

"झ्याक! हिच्यासारखी आमटी अख्ख्या तालुक्यात न्हाय."

"अवो, त्यात मीठच न्हाय!" जयाबाईंचा बांध फुटला. "मला गोड बोलून कुठं निगालासा?"

अण्णांची मान खाली गेली. "कुठं न्हाय गं. चव कवाच गेल्या. तुला वाईट वाटंल म्हणून गप बसलो."

"मग चव हुती तवा का नावं ठिवत हुतासा?"

डॉक्टरीणबाई रिपोर्टात डोकं घालून हसू दाबत होत्या. अण्णांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा दाराकडं बघितलं. सुटका नव्हती.

"लई चांगली लागायची गं," ते पुटपुटले. "पर चांगली म्हटलं असतं, तर तू शेजारी येऊन बसली असतीस व्हय?"