उडालेला सेंट

तापातून उठल्यापासून आत्याचं नाक संपावर गेलं होतं. त्यामुळे सेंटच्या शेवटच्या बाटलीचा निकाल तिने भाचीवर सोपवला. भाची रसायनशास्त्राची ताजी पदवीधर.

"उद्या वाचनालयातला माझा शेवटचा दिवस," आत्या म्हणाली. "लावायचा तर हाच. पण आंबला असेल तर चारचौघांत शोभा नको. कंपनीही कधीच बंद पडलीय."

इतकी वर्षं तो लावूनही 'सेंट कुठला?' असं तिला कुणी विचारलं नव्हतं. वाचक विचारायचे, "बागेकडची खिडकी उघडी आहे का?"

भाचीने सवयीप्रमाणे बाटली लांब धरून हाताने वास ओढून घेतला. नेलपॉलिशसारखा आंबूस भपका. मनगटावर मारून पाहिला, तरी तोच.

"आंबलाय गं, मूळ वास उडालाय."

"मेला, माझ्याआधीच निवृत्त झाला!" आत्या म्हणाली. "आंघोळीला जाताना ओतून टाकते."

भाची आत्याच्या उद्याच्या कपड्यांना इस्त्री करायला बसली. बाही सपाट करताना मनगट नाकाजवळून गेलं आणि तिचा हात थांबला. हिरवी शेंग मोडावी तसा करकरीत कडवटपणा. त्याखाली वाळा, आणि अगदी तळाशी झाडाच्या सालीवरच्या दगडफुलाचा कोरडेपणा. गोडवा नाही, लाडीगोडी नाही. स्वतःहून पुढे येणारा हा वासच नव्हता. आपण जवळ गेलो तर भेटणारा. हवेने बिघडले होते ते वरचे हलके रेणू. बाकी सगळा शाबूत होता. आणि ती पहिल्याच मिनिटाला निकाल देऊन मोकळी झाली होती.

इस्त्री उभी करून ती धावली. "आत्या, ओतू नकोस!"

बाटली निम्मी झाली होती.

"चुकले मी. वरचं तेवढंच बिघडलंय. थोडं थांबलं की खरा वास येतो."

"आग लागो तुझ्या डिग्रीला! अर्धा गटारात गेला की!" आत्या हसली, पण बाटली तिने घट्ट धरली होती. "सांग मग, कसा येतोय? मला तर काहीच कळत नाहीये."

"आधी हिरवी शेंग. मग लाकूड, पेन्सिल तासल्यासारखं."

"छे! पेन्सिल गोडसर असते. नीट घे."

भाचीने डोळे मिटले. "सावलीतलं लाकूड. भिजून वाळलेलं."

"हां, हाच तो." आत्याने झाकण लावलं. "उद्या लवकर उठव मला. वाचनालयाची दारं उघडायच्या आत तो भपका जायला हवा."