तिसऱ्या रविवारची लाथ

मी जन्मले ती पायाकडून. अशा माणसाला आमच्याकडं पायाळू म्हणतात, आणि पायाळूनं कंबरेवर लाथ मारली की उसण उतरते असं गाव मानतं. दुखणाऱ्यानं उंबऱ्यावर पालथं निजायचं, मी डाव्या पायानं हलकेच तीनदा मारायचं, असे तीन रविवार. तेवढा वेळ मी विठ्ठलाचं नाव घेते.

मी पोरगी होते तेव्हा वर्षाकाठी चार-पाच जण यायचे. एखादी म्हातारी, नाहीतर पोतं उचलताना चमक भरलेला गडी. आता रविवारी ओट्यावर रांग असते आणि रांगेत निम्म्या पंचविशी-तिशीतल्या सुना. झरीच्या दवाखान्यातली नर्स सृष्टी मला म्हणाली होती, "मावशी, साऱ्या जगात माणसाला कामातून उठवणारं एक नंबरचं दुखणं कंबरेचंच हाय. अन् ते वाढायलंय."

"जगाचं मला ठाव न्हाई बाई," मी म्हटलं, "माझ्या ओट्यापुरतं खरं हाय."

गावात सप्ताह बसला होता. कीर्तन म्हणजे माझं माहेर. तोवर वीस वर्षांत एकही काल्याचं कीर्तन मी चुकवलेलं नव्हतं. शनिवारी योगीराज महाराजांनी फार गोड निरूपण केलं, पण मधेच म्हणाले, "आताच्या सुना देवापुढं बी वाकत न्हाईत, मग कंबर धरणारच." मांडव हसला. मीही हसले. भावकीतल्या नर्मदाबाईची सून राणी माझ्यापुढंच एका कुशीवर कलून बसली होती. दीड महिना हळदीच्या रानात वाकून आलेली पोर. आज त्या हसण्याचाच मला जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. काल्याचा दिवस, आणि राणीचा तिसरा रविवार. नर्मदाबाई आणि राणीचा नवरा हरिओम तिला त्याच्या जीपमधून घेऊन आले.

"पंचफुलाबाई, आजची जरा जोरात मारा," नर्मदाबाई अंगणातूनच म्हणाल्या. "उद्यापासनं उरलेली हळद वेचायचीय."

राणी ओट्याकडं येत होती. तुळशीपाशी तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटली. ती तशीच चालत आली. एक पाय चपलेत, एक अनवाणी, आणि तिला पत्ताच नाही.

"राणी, चप्पल कुठंय?"

तिनं खाली पाहिलं. "गळाली वाटतं. कळलं न्हाई काकू."

मी तिला ओट्यावर बसवलं आणि अंगठ्याला करकचून चिमटा काढला. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "पाऊल वर उचल," मी म्हटलं. पाऊल उचललं नाही.

"कवापासनं हाय हे?"

तिनं आधी सासूकडं पाहिलं. "मुंग्या पयल्यापासनं हायत. मागच्या रविवारपासनं पाऊल उचलंना."

"अन् दोन्ही येळेला उतरलं म्हणालीस ती?"

"तुमी देवाचं नाव घेत होता काकू. मग फरक न्हाई म्हणून कसं सांगू?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिचा राग, माझ्या पायाचा राग, साऱ्या गावाचा राग.

"नाटकं हायत," नर्मदाबाई म्हणाल्या. "आमी न्हाई का वाकलो? बाळंतपण झालं की महिन्यात रानात."

"म्हणूनच तुमी उभ्या राहिलात तरी बसल्यावानी दिसता, नर्मदाबाई."

रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. मी नाही हसले.

हरिओम चाचरत म्हणाला, "काकू, तिसऱ्या लाथेनं गुण येतो म्हणून तुमीच सांगता की."

"सांगत होते. आता न्हाई सांगत. जीप काढ, परभणीला जायचंय."

"आज काला हाय. उद्या जाऊ."

"उद्या तुझ्या मायची हळद हाय. जीप काढ म्हणलं ना."

रांगेतली एक जण म्हणाली, "अक्का, मग आमचं?"

"जिच्या पायाला मुंग्या हायत तिनं जीपमधी बसा. बाकीच्यांनी घरी जाऊन आराम करा. रानात जाऊ नका. मी आता कुणाला लाथ मारणार न्हाई."

रांगेतल्या दोघी उठल्या आणि राणीशेजारी जीपमध्ये बसल्या. वाटेत मांडव लागला. मृदंग लागत होता, टाळकरी उभे राहत होते. हरिओमनं जीप हळू केली. मी म्हटलं, "चल पुढं." पांडुरंगाला मी मनात सांगितलं, रागवायचं तर माझ्यावर रागव.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी राणीला तपासलं, पाठीचा फोटो काढून आणवला आणि विचारलं, "कंबरेला काही केलं होतं? मालीश, लाथ?"

"न्हाई," राणी म्हणाली. माझ्याकडं न बघता.

"खोटं बोलू नको पोरी," मी म्हटलं. "लिहा बाई. दोन रविवार. लाथ मारणारी मीच."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि लिहिलं. मग म्हणाल्या, "मणक्यातली गादी सरकून नस दबलीय. ऑपरेशन लवकर करावं लागेल. पाऊल परत येईल अशी आशा आहे. पाऊल उचलेना झालं त्याच दिवशी आला असतात, तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं. पुढं तीन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही."

हरिओमनं घरी फोन लावला. नर्मदाबाईंचा आवाज मलाही ऐकू आला, "तीन महिने? मग हळद कोण वेचंल?"

मी फोन घेतला. "हरिओम वेचंल. त्याला बी कंबर हाय."

हरिओम खाली मान घालून उभा होता. मग त्यानं डॉक्टरीणबाईंकडं पेन मागितला आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.