दरसालचा डबा

मुलानं नाताळाला यंदाही पुण्याहून नुसता केक पाठवला. "दरसाल तुझा केक तेवढा येतोय, तू कवा येणार?" असं फोनवर सुनावून एस्तेरबाईंनी तो खोका न उघडताच कपाटावर टाकला होता.

एकतीस डिसेंबरच्या सकाळी त्यांनी बायबलातली चिठ्ठी काढली. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर जानेवारीत त्यांनीच लिहिलं होतं, 'दर शनिवारी एका आजाऱ्यापाशी जाऊन बसायचं.' वर्षात एकही शनिवार साधला नव्हता. आता प्रभूला काय तोंड दाखवायचं?

त्यांनी डबाभर करंज्या घेतल्या आणि मागच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेल्या शालूबाईंचं घर गाठलं. डबा दारातच सुनेच्या हाती देऊन त्या नेहमीसारख्या वळल्या.

"बसत न्हाय बाई, लई कामं हाईत."

काम एकही नव्हतं.

आतून शालूबाई ओरडल्या, "एस्तेर, दरसाल तुझा डबा तेवढा येतोय. तू कवा येणार गं?"

एस्तेरबाई थबकल्या. शब्द त्यांच्याच तोंडचे होते. चपला काढून त्या आत गेल्या, खाटेच्या कडेला टेकल्या. नुसतं बसायची सवयच मोडली होती; त्यांनी शालूबाईंचं मनगट धरून नाडी मोजायला घेतली.