केकच्या बुडाचा कागद

आमच्याकडे लग्नाच्या दिवशी मुलीला पाककृतींची वही मिळते. माझ्या आजीने सुरू केलेली, आईने वाढवलेली. देण्याआधी आईने शेवटच्या पानावर आपल्या हाताने एक नवी कृती लिहायची, हा रिवाज. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती याच वहीवरून, म्हणून लिहितेही आईसारखीच. ती 'साखर' लिहिताना एखादं अक्षर जास्त घालायची, 'अंडी' लिहून शेवटी जादा अक्षराचं शेपूट लावायची. त्यापायी कुणाचा मुरंबा नासला नाही. सबंध डेव्हन परगण्यात माझ्या मुरंब्याला नाव आहे.

लेक ऑनर मात्र एक्सेटरच्या शाळेत शिकली. मीच हट्टाने धाडली. वकिलाच्या मुलाशी लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, "आई, वही दे. स्वच्छ उतरवून काढते." मला भरून आलं. दिली.

रविवारी तिची होणारी सासू, मिसेस प्रिडम, चहाला आल्या. केक ऑनरने केला होता, सुरी मी चालवली. तुकडा उचलला तर बुडाचा कागद चिकटून वर आला, लोणी पिऊन तपकिरी झालेला. त्यावर आईचं अक्षर.

"ऑनर, हे काय?"

"भांड्याला लावायला कागद हवा होता. जुनीच पानं ती, सगळं उतरवलंय मी."

"बाकीची?"

"भट्टी पेटवायला." मग पाहुणीकडे बघून हसली. "आजीला साधं 'मुलगा' लिहिता येत नव्हतं हो! एस, ओ, एन, परत एक एन, वर ई! तुम्हाला दाखवायची लाज वाटली असती."

"जुन्या बायका!" मिसेस प्रिडम म्हणाल्या. "जेवढी शाई, तेवढी अक्षरं!"

मी सुरीने चुरा खरवडला. पान मुरंब्याचंच होतं. खालची कड जळून गेली होती. मी ऑनरची नवी वही मागवली, तेच पान काढलं.

"इथे खाली एक ओळ होती."

"ती मुरंब्यातली नव्हती ना, म्हणून गाळली."

ती ओळ मला पाठ आहे. सफरचंदं शिजत असताना मुलगा झाला, तासभर जगला, झाडाखाली ठेवला. माझा भाऊ. बाप्तिस्म्याआधीच गेला, म्हणून त्याला नाव नाही, दफनभूमीत जागा नाही, चर्चच्या नोंदीत जन्म नाही. आईने लिहिला तेवढाच तो होता.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं. "त्याच झाडाखाली आजीने तुला खेळवलं."

"आई, पाहुण्यांसमोर काय हे! मी घालते ती ओळ परत, नीट लिहून."

"तू नको लिहूस."

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात तिने रिवाजाप्रमाणे हात पुढे केले. मी तिचीच नवी वही तिच्या हातावर ठेवली. गाडीत बसल्या बसल्या तिने शेवटचं पान उघडलं. कोरं होतं.

"आई, लिहायचं विसरलीस?"

"नाही गं. मला कुठे लिहिता येतं!" म्हटलं, आणि गाडीचं दार बाहेरून लावून घेतलं.